दुसरी पट्टी

१

राजी दीड तास जिन्याखाली सायकलीमागे लपून राहिली आणि तिला कुणी शोधलंच नाही, या एका गोष्टीनं माझी तीन रात्रींची झोप गेली.

तशी मला जागं राहायला कारण लागत नाही. गॅस बंद केला का, पोरीचं अंग गरम लागतंय ते तापानं की माझाच हात गार आहे, असल्या शंका मला दिवसाउजेडी पुरत नाहीत म्हणून रात्रीही येतात. बी.ए.ला मानसशास्त्र होतं. त्याचा उपयोग मी आजवर फक्त स्वतःला घाबरवायला केला आहे. पण हे वेगळं होतं.

आमची इमारत बजाजनगरात, तीन मजल्यांची. संध्याकाळी पहिली पाळी सुटून माणसं घरी आली की जिन्यात मुलांची लपाछपी सुरू होते. राजी तेव्हा पावणेपाच वर्षांची होती. नाव राजाबाई, सासूबाईंच्या सासूचं. ती बोलत नव्हती. म्हणजे ‘आई’, ‘पाणी’ आणि ‘नको’ एवढे तीन शब्द होते, त्यातला ‘नको’ फार सुरेख. कान ठीक, जीभ ठीक. निराला बाजारातले डॉक्टर म्हणाले, “बोलेल. घाई करू नका. तिच्याशी बरोबरीनं खेळणारं कुणीतरी बघा.”

बरोबरीनं, हीच तर पंचाईत. मुलांनी तिला खेळात घेतलं होतं, पण कच्चा लिंबू म्हणून. वरच्या मजल्यावरच्या पुंडलिकभाऊंची प्रज्ञा, वय वर्षं दहा, ही त्या टोळीची मुकादम. तिनं हे अगदी मायेनं ठरवलं होतं. “काकू, तिच्यावर राज्य आलं तर ती वीसपर्यंत म्हणणार कशी? त्यापेक्षा राहू द्या तिला अशीच. लपू द्या.”

तर ती लपली. खेळ संपला, मुलं आपापल्या घरी वरणभात खायला गेली. मला ती सापडली तेव्हा रडत नव्हती. दोन्ही हातांनी तोंड दाबून, आवाज होऊ नये म्हणून श्वास धरून बसली होती. तिच्या हिशेबानं खेळ अजून चालूच होता.

२

“व्हिडिओ गेम आणू,” माझे यजमान भिकनराव म्हणाले. ते वाळूजला एका कारखान्यात प्रेसवर आहेत आणि कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे यंत्र हा एकच उपाय असतो. “लाईनवरच्या सगळ्यांच्या घरी आलाय. पोरं लई खूश असतात.”

शहागंजात कमरोद्दीनभाईंचं दुकान आहे. रेडिओ दुरुस्ती, कॅसेटा, आणि आता टीव्हीवर खेळायचे डबे भाड्यानं. राजीला कडेवर घेऊन मी गेले. ती एवढी मोठी कडेवर का, असं वाटेत दोघींनी विचारलं.

“सर्वात नवा कोणता आहे?” मी विचारलं. शिकलेल्या बाईनं नवंच मागायचं असतं असा माझा समज.

कमरोद्दीनभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “नवा नका नेऊ, ताई. मेरी मानो. नव्यात काय होतं, एक ढिशुम ढिशुम माणूस असतो, तो पळतो. पोरगं त्याच्या मागं एकटंच पळतं. महिन्यात कंटाळा. जुना खेळ न्या. जुन्याला मरण नाही.”

आणि मग तासभर त्यांनी मला जुन्या खेळांची अशी ओळख करून दिली की जणू स्थळंच दाखवतायत. तो सल्ला मी पुढं सगळ्या शेजारणींना दिला आणि आजही देईन. रणगाड्यांचा खेळ घ्या. त्यात दोघं एकाच बाजूनं लढतात, शिवाय चुकून एकमेकांनाही गोळी लागते, त्यामुळं नवराबायकोला फार योग्य. विटा फोडायचा घ्या. रागावर उतारा, भांडी आपटण्यापेक्षा स्वस्त. बोगदे खणायचा घ्या, पण दुपारी भात गॅसवर असताना नको. चित्रं ठोकळ्यांची आहेत म्हणून नाक मुरडू नका. डोळे दोन दिवसांत सरावतात.

शेवटी त्यांनी फळीवरून एक तपकिरी डबा काढला. वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेला. “हा सगळ्यांचा आजोबा. कुवेतहून आलेला. पडद्यावर दोन पट्ट्या, एक चेंडू. बस्. हा खेळ मशीन खेळत नाही. याला दोन माणसं लागतात.”

डब्यातून दोन वायरी निघत होत्या, टोकाला एकेक फिरवायची खुंटी. पण दुसरी वायर वीतभरावरच कापलेली होती आणि टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली. खुंटी सुटीच होती.

“शॉक मारत होती म्हणून मीच काटली. मुंबईहून पार्ट येईल आठ दिवसांत. तोवर हे बटण इकडे ठेवा, पोरगी भिंतीशी खेळेल.”

“भिंती आमच्या घरीही आहेत,” मी म्हणाले.

ते हसले आणि ती सुटी खुंटीही पिशवीत टाकली. “जोडी मोडू नये, ताई.”

३

पुढच्या खोलीत टीव्ही, त्याच्यापुढं घडी घातलेली गोधडी, गोधडीवर राजी. भिकनराव पहिल्या पाळीला गेले की दुपारपर्यंत घरात आम्ही दोघीच. भिंतीशी खेळणं तिनं पहिल्याच दिवशी सोडलं. बटण ‘दोघं’वर ढकललं आणि समोरची मेलेली पट्टी पडद्याच्या तळाशी पडलेली असताना तिला चेंडू देत बसली. टक, मग शांतता, मग गुण झाल्याचा ब्यां असा आवाज. टक, ब्यां. टक, ब्यां. डॉक्टरांनी सांगितलेलं बरोबरीचं खेळणं हेच असावं, अशी मी मनाची समजूत घातली. सुटी खुंटी तिनं गोधडीच्या दुसऱ्या टोकाला नीट मांडून ठेवली होती, आणि स्वतः अलीकडच्या काठावर बसायची, आगगाडीत कुणासाठी जागा धरावी तशी.

संक्रांत आठवड्यावर आली होती. तिसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत तीळ निवडत बसले होते. खडे काढताना माणूस फारसा विचार करत नाही. माझ्यासारखीला ती तेवढीच विश्रांती. बाहेरून आवाज येत होता. टक, टुक. टक, टुक. टक, टुक. छान लय होती. त्या लयीत माझा हातही चालला होता. बावीसपर्यंत मी मनात मोजलं आणि मग ताटात बोट तसंच थांबलं.

टक राजीचं. टुक कुणाचं?

बाहेर येऊन पाहिलं तर समोरची पट्टी वर येत होती, खाली जात होती, चेंडूच्या पुढं जरा आधीच जाऊन थांबत होती. राजी हसत होती. मी गोधडीकडं पाहिलं. सुटी खुंटी जिथल्या तिथं. वायरचं टोक काळी पट्टी लावून डब्याशेजारी पडलेलं.

मी जे शिकलेल्या बाईनं करायचं ते केलं. वायरी ओढून पाहिल्या, टीव्हीच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. पट्टी माझ्या थापट्या संपेपर्यंत थांबली आणि मग पुन्हा खेळायला लागली.

भिकनराव घरी आल्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं. “व्होल्टेज,” ते म्हणाले. “तार तुटली की करंट भटकतो. आमच्या प्रेसवर बी होतं.”

“तुमच्या प्रेसवर करंट नेम धरतो का?”

“लई विचार करती तू,” असं म्हणून ते आडवे झाले. घोरण्यापूर्वी एवढं मात्र बोलले, “चांगला खेळतोय पण.”

४

दोन दिवसांनी देवगाव रंगारीहून सासूबाई आल्या. बानाबाई. बाजरी, तीळ, लोणी, आणि माझ्यासाठी राखून ठेवलेले टोमणे. पन्नास वर्षं मेंढरांमागं फिरलेली बाई. कळपात एक कोकरू कमी असलं तर नजरेनं ओळखायची. घरात काही जास्त आहे हेही ओळखेल, अशी मला आशा होती.

“आत्याबाई, तिकडची पट्टी कुणी फिरवत नाही आणि तरी फिरते,” मी त्यांना खोलीत नेऊन हळूच सांगितलं.

“बरं मग?”

“मग काय! कोण खेळतंय तिच्याशी?”

सासूबाईंनी राजीकडं पाहिलं. राजी एक गुण हरली होती आणि खदाखदा हसत होती. “कोणी का खेळंना. पोरगी हसती नव्हं? तू आन तुझा नवरा खेळता का तिच्यासंगं? मग जो खेळतो त्याला चहा पाज.”

मग त्या स्वतः बसल्या. पदर खोचून, खुंटी दोन्ही हातांत धरून, बैलाची वेसण धरल्यासारखी. पलीकडच्यानं त्यांची गय केली नाही. पंधरा–दोन. “मेल्या, कोपऱ्यात टाकतो व्हय! म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात टाकतो!” दुसरा डाव पंधरा–सहा. सासूबाई घामाघूम आणि वीस वर्षांनी तरुण. “बस गं आता तू. बघू तुझं शिक्षन.”

मी बसले. मला बसायचं नव्हतं. खुंटी माझ्या हातात ओली झाली. आणि मग जे झालं ते सांगायला मला आजही लाज वाटते.

चेंडू हळू आला. माझ्या पट्टीच्या बरोब्बर मध्ये. मी तो हुकवला. ब्यां वाजायला हवं होतं, वाजलं नाही. गुण शून्य–शून्य. पुन्हा चेंडू आला, आणखी हळू. पुन्हा हुकवला. शून्य–शून्य. मी सहा चेंडू हुकवले आणि पडद्यावर माझ्याविरुद्ध एकही गुण चढला नाही. सासूबाई तोंडाला पदर लावून हलत होत्या. राजीनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात जी दया होती ती मी ओळखली. जिन्यात प्रज्ञाच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

त्यानं मला कच्चा लिंबू ठेवलं होतं.

खरं सांगते, त्या क्षणी भीती बाजूला राहिली. अपमानानं कान तापले. रात्री भीती परत आली, व्याजासकट. त्याला माझा खेळ माहीत झाला होता. म्हणजे तो बघत होता.

५

शहरात तेव्हा ताण होता. नामांतराचा निर्णय येणार, येणार नाही, अशा बातम्या रोज. दुकानं मध्येच बंद, कंपनीच्या बसा कधी येत, कधी नाही. डबा परत करायला शहागंजला जायची सोय नव्हती. मी एसटीडीच्या केबिनमधून कमरोद्दीनभाईंच्या शेजाऱ्याला फोन लावला आणि त्यांना बोलवून घेतलं.

“कमरोद्दीनभाई, ती दुसरी पट्टी हलते.”

“नाही हलणार, ताई. तार मी स्वतः काटली. ती खाली पडून राहते.”

“वर येते. चेंडू मारते. आमच्या सासूबाईंना पंधरा–दोननं हरवलं.”

केबिनबाहेर उभ्या माणसानं काचेवर किल्ली वाजवली.

“ताई,” कमरोद्दीनभाई हळू आवाजात म्हणाले, “पोरगी जिंकते का त्याच्याशी?”

“कधी जिंकते, कधी हरते.”

“मुद्दाम हरतो का तो?”

“नाही,” मी म्हणाले. हे मला तोंडानं म्हणेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. “तिच्याशी खरा खेळतो. तिचे गुण मोजतो.”

“या अल्ला,” ते म्हणाले. मग दुकानदारासारखं, “भाड्याची फिकीर करू नका. रस्ते खुलले की मी स्वतः येतो. तोवर, ताई, एक सांगू? डाव चालू असताना बंद नका करू. मागं एकानं केला होता.”

“मग काय झालं?”

खरखर. मग फोन कटला. लाईन गेली की त्यांनी ठेवला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

६

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका आल्या. प्रत्येकीनं राजीच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, “गोड बोल हं.” मी मनात म्हणत होते, गोडाचं राहू दे, नुसतं बोल. बायकांनी डब्याची चौकशी केली. मी रणगाड्यांचा आणि विटांचा सुचवला. तपकिरी डब्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, “तो फार जुना आहे,” आणि त्यावर पाट टाकला. टक, टुक पाटाखालून ऐकू येत नाही, हे पाहायला दोनदा वाकले.

राजीनं मिळालेला प्रत्येक लाडू दातांनी अर्धा केला. एक अर्धा खाल्ला, एक अर्धा सुट्या खुंटीजवळ ठेवला.

त्याच दिवशी बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. दुसऱ्या दिवशी कर. सासूबाईंनी सकाळीच बजावलं, “आज कर हाय. नवं काय करू नको, जुनं काय मोडू नको.” बसा बंद, म्हणून भिकनराव घरीच. दुपारी पुंडलिकभाऊ पेढे घेऊन आले, मागं प्रज्ञा डबा धरून. पुंडलिकभाऊ भिकनरावांच्याच प्रेसवर आहेत. कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी डोळे लाल होते.

“सोळा वर्षं, वहिनी. ठराव झाला तेव्हा मी आयटीआयला होतो. ठराव झाला आणि तिथंच ठेवला. त्या वर्षी आमच्या गावात काय काय झालं ते सणाचं सांगत नाही.” त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. “लहानपणी नव्हतं का, कच्चा लिंबू? तू बी खेळ म्हणायचं. पळ म्हणायचं. पण मोजायचं नाही. माणूस मार सोसतो, वहिनी. न मोजलेलं नाही सोसत.”

भिकनरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. प्रज्ञा पेढ्यांच्या डब्याकडं पाहत उभी होती. तिचे कान लाल झाले होते. मग पुरुष दोघं खालच्या मजल्यावर पेढे वाटायला गेले, मागोमाग प्रज्ञाही.

दार लावलं आणि मला ते ऐकू आलं. पाट बाजूला सारलेला होता.

टक. टुक. टक. टुक.

७

चौदा–चौदा. पंधराला डाव संपतो. राजी गोधडीच्या काठावर, मान पुढं, ओठ मिटलेले. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. खिडकीतून ऊन गोधडीवर पडलं होतं, स्वच्छ, दुपारचं. त्यात लपण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून मला दिसलं.

सुटी खुंटी फिरत होती. जराशी डावीकडं, जराशी उजवीकडं, चेंडू यायची वाट बघताना हात आपोआप करतो तसं. आणि गोधडीच्या त्या टोकाला, जिथं कुणी नव्हतं, कापसात एक खळगा पडला होता. राजीच्या खळग्यापेक्षा मोठा नव्हता. हे मोठं माणूस नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि त्यानं मला धीर आला नाही.

मला कमरोद्दीनभाईंचं आठवलं. सासूबाईंचं आठवलं. पुंडलिकभाऊंचंही आठवलं. पण मी घाबरट बाई आहे, आणि घाबरट बाईचे पाय तिच्या आठवणीपेक्षा जोरात धावतात. मी गोधडीवरून दोघांच्या मधून गेले आणि भिंतीतला प्लग उपसला.

पडदा आक्रसून एक ठिपका झाला आणि विझला. खुंटी थांबली. मग तो खळगा हळूहळू भरून वर आला, शेजारचं कुणी उठून गेल्यावर येतो तसा. आतल्या खोलीच्या दाराचा पडदा एकदा हलला. पंखा बंद होता.

“आई, तू मधे आलीस.”

मी वळून पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. राजी बोलली होती. एक सबंध वाक्य, क्रियापदासकट.

“आत्याबाई!” मी ओरडले. “राजी बोलली!”

सासूबाई पिठाच्या हातांनी आल्या. “काय म्हनली गं माझी बाय? काय म्हनली?” मी रडत होते, हसत होते, तिचे मुके घेत होते. आत्ता काय पाहिलं ते सगळं त्या एका वाक्याखाली गाडून टाकायची माझी पूर्ण तयारी होती. एवढं मोठं सुख झाल्यावर कुणी पडदे बघत बसत नाही.

“अजून बोल ना, राजू,” मी म्हणाले. “बोल, काय बोलायचं ते बोल. मी ऐकते.”

राजीनं माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मग माझे दोन्ही हात धरले, माझ्याच डोळ्यांवर नेऊन ठेवले आणि कानाशी येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “राज्य तुझ्यावर आलं. वीसपर्यंत म्हण. आणि खरंच शोध हां, आई. मागच्या वेळी त्याला कुणी शोधलंच नाही.”